कुंकवाची कुळकथा

हळदी-कुंकवाच्या कोयरीला दोन वाट्या असतात. एका वाटीतल्या हळदीबद्दल घरात कोणालाही विचारा, उत्तर मिळते. ती शेतात पिकते, कंद उकडतात, उन्हात वाळवतात, हळकुंडे घासून चकचकीत करतात आणि मग दळतात. दुसऱ्या वाटीतले कुंकू कशाचे असते, असे विचारले की उत्तरे अडखळतात. कोणी म्हणते हळदीचेच, कोणी म्हणते केशराचे, कोणी म्हणते दुकानातले. फेस क्रीमच्या ट्यूबमागची बारीक अक्षरे भिंग लावून वाचणाऱ्या घरांतही कुंकवाच्या पुडीबद्दल हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

तो विचारायला हवा, याचे कारण साधे आहे. क्रीम रात्री लावले की सकाळी धुतले जाते. लिपस्टिक समारंभापुरती असते. कुंकू रोज, दिवसभर आणि कपाळावरच्या त्याच रुपयाएवढ्या जागेवर चाळीस-पन्नास वर्षे लावले जाते. तिथे घाम येतो, तेल सुटते, ऊन लागते. महाराष्ट्रातल्या बाईच्या त्वचेशी इतका दीर्घ सहवास दुसऱ्या कुठल्या प्रसाधनाचा क्वचितच असेल. शिवाय ते बाळाच्या कपाळाला लागते, औक्षणात पुरुषांना लागते आणि प्रसादाबरोबर हातावर येते.

या वस्तूचा मागोवा घेतला की एक गोष्ट ठळक दिसते. नाव एकच राहिले, त्यामागचा पदार्थ मात्र पुन्हा पुन्हा बदलला. केशर, हळद, कारखान्यातला रंग आणि गोंदाची टिकली अशी ही कुळी आहे. पदार्थ बदलताना तो कशाचा आहे याची माहिती वापरणाऱ्या बाईपर्यंत पोचली नाही, आणि या कुळकथेतले बहुतेक दुखणे तिथूनच सुरू होते.

केशराचे घराणे

संस्कृत साहित्यातले कुंकुम म्हणजे केशर. अमरकोशात त्याच्या नावांमध्ये ‘काश्मीरजन्म’ आणि ‘बाह्लीक’ अशी नावे आहेत. माल कुठून येत असे ते त्यांतच नोंदलेले आहे. ‘ऋतुसंहारा’तल्या थंडीच्या वर्णनांत स्त्रिया अंगाला कुंकुम माखतात, तेही केशरच. काश्मीरमधल्या पांपोरच्या पठारावर आजही ते पिकते. एका फुलात तीनच तंतू असतात आणि किलोभर केशरासाठी सुमारे दीड लाख फुले खुडावी लागतात.

इतकी महाग वस्तू रोजच्या कपाळासाठी परवडणारी नव्हती. ती राजघराण्यांत, देवाच्या गंधात आणि लग्नाच्या अक्षतांत राहिली. सहाणेवर चंदनाबरोबर उगाळलेल्या केशराचा रंगही आपण ज्याला कुंकवाचा लाल म्हणतो तसा नसतो, तो पिवळसर नारिंगी असतो. घरोघरच्या कपाळावरचा गडद लाल रंग आला तो दख्खनच्या मातीत मुबलक पिकणाऱ्या कंदातून.

हळद, लिंबू आणि सवागी

पिवळी हळद लाल कशी होते, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराने पाहिलेले आहे. मुक्या मारावर लावायला हळद आणि चुना कालवला की लेप विटकरी लाल होतो. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग पिवळ्याचा लाल होतो. हळदीचा रंग ज्या द्रव्यामुळे असतो ते कर्क्युमिन. १८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिए या दोघांनी ते हळदीतून वेगळे काढले. हे द्रव्य आम्लात पिवळे राहते आणि अल्कलीत तांबूस होते. चुना आणि साबण या दोन्हींत अल्कली असते.

चुन्यापासूनही कुंकू करता येते, पण त्यात एक उणीव राहते. कर्क्युमिन अल्कलीत फार काळ टिकत नाही, त्याचा रेणू मोडत जातो आणि रंग मळतो. चांगल्या कुंकवाची जुनी कृती म्हणूनच वेगळ्या वाटेने जाते. त्यात हळकुंडे, लिंबाचा रस, सवागी म्हणजे टाकणखार, आणि तुरटी लागते. लिंबाच्या रसात सवागी आणि तुरटी विरघळवायची, त्यात हळकुंडाचे तुकडे भिजत घालायचे, रस पूर्ण मुरेपर्यंत ते खालीवर करत राहायचे आणि मग सावलीत वाळवायचे. वाळता वाळता पिवळे तुकडे आतपर्यंत लाल होत जातात. नंतर ते कुटायचे, दळायचे, वस्त्रगाळ करायचे आणि शेवटी थोडे तिळाचे तेल चोळून भुकटीला ओलसरपणा आणि चकाकी आणायची.

या कृतीतल्या प्रत्येक टप्प्याला रसायनशास्त्राचा आधार आहे. सवागीत बोरॉन असते. लिंबाच्या आम्लात सवागीपासून बोरिक आम्ल मोकळे होते आणि त्यातले बोरॉन कर्क्युमिनच्या रेणूंशी बांधले जाऊन लाल संयुग तयार होते. पाणी उडून गेले की ही बांधणी घट्ट होते, म्हणून वाळण्याबरोबर रंग चढतो. कर्क्युमिन उन्हात फिके पडते, म्हणून वाळवण सावलीत करायचे. याच गुणाचा उपयोग पुढे प्रयोगशाळांनी करून घेतला. हळदीच्या द्रावात बुडवलेल्या कागदाला बोरिक आम्ल लावून तो वाळवला की तांबडा होतो आणि त्यावर अमोनिया पडला की काळपट हिरवा होतो. बोरिक आम्ल ओळखण्याची ही परीक्षा रसायनाच्या पाठ्यपुस्तकांत फार जुनी आहे. रेणूचे चित्र कोणाजवळ नव्हते तेव्हाही कुंकू करणारी माणसे हाच बदल डोळ्यांनी पाहून जोखत होती. हे ज्ञान कमी प्रतीचे म्हणता येणार नाही.

सामग्रीचा नकाशाही पाहण्यासारखा आहे. हळद दख्खनची, लिंबू आणि तीळ इथलेच. सवागी मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत हिंदुस्थानात आणि पुढे युरोपात जात असे ती तिबेट-लडाखच्या खाऱ्या तळ्यांच्या काठावरून. शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर छोट्या गोण्या लादून ती हिमालयाच्या खिंडींतून खाली उतरत असे. ज्याला आपण अगदी घरगुती म्हणतो, त्या पदार्थात पहिल्यापासून दूरच्या मुलखातले एक खनिज आहे.

हे कुंकू लावण्याची रीतही ठरलेली होती. फणेरपेटीत आरसा, फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा असे. कपाळावर आधी मेणाचा गोल टिळा लावायचा आणि त्यावर बोटाने कुंकू दाबायचे. कोरलेले कुंकू, आडवी चिरी, चंद्रकोर असे आकार मेणामुळे रेखीव उठत. मधमाशीच्या मेणाचा तो थर भुकटीला धरून ठेवी आणि त्वचा व भुकटी यांच्या मध्येही राही. पुढे मेण गेले आणि भुकटी किंवा ओले कुंकू थेट कातडीवर आले. हा बदल कोणी ठरवून केला नाही, पण तो त्वचेच्या दृष्टीने लहान नव्हता.

जवळचे वाटणारे परके

कुंकवाशी रंगाने जुळणाऱ्या दोन वस्तूंचा इथे निवाडा करायला हवा, कारण बाजारात त्या कुंकवाच्या शेजारी बसतात. एक शेंदूर आणि दुसरा हिंगूळ. मारुतीला आणि गणपतीला तेलात कालवून चढवतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड, ते खाणीतून निघते. दोन्हींचा रंग अप्रतिम आणि टिकाऊ असतो आणि दोन्ही माणसाच्या शरीरात जाऊ नयेत अशा धातूंपासून बनतात.

महाराष्ट्रात देवाला शेंदूर आणि कपाळाला कुंकू अशी विभागणी होती. उत्तरेत भांगात सिंदूर भरण्याची चाल आहे आणि तिथे हा प्रश्न अधिक थेट येतो. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सिंदूराच्या ११८ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतले ९५ नमुने न्यू जर्सीतल्या दक्षिण आशियाई दुकानांतून आणि २३ मुंबई व दिल्लीतल्या दुकानांतून घेतलेले होते. सुमारे ८० टक्के नमुन्यांत ग्रॅममागे किमान एक मायक्रोग्रॅम शिसे सापडले आणि अनेक नमुने अमेरिकेच्या २० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेले. असे शिसे त्वचेतून फारसे आत शिरत नाही. ते बोटांवरून तोंडात जाते, उशीवर सांडते, मांडीवरच्या बाळाच्या हाताला लागते. मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

मुंबईच्या एकाच दुकानात कुंकू, सिंदूर आणि शेंदूर शेजारी शेजारी मिळतात. लग्नांच्या आणि मालिकांच्या प्रभावाने मराठी भांगातही आता सिंदूर येतो. म्हणून हा केवळ दुसऱ्या प्रांताचा विषय राहिलेला नाही.

डांबरातून आलेला लाल

१८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या पदार्थांवर प्रयोग करत होता. त्याला क्विनीन हवे होते, हाती लागला जांभळा रंग. कृत्रिम रंगांच्या उद्योगाची ती सुरुवात. दोन वर्षांनी पीटर ग्रीस याने डायझो अभिक्रिया शोधली आणि तिच्यातून ॲझो रंगांचे प्रचंड कुटुंब जन्माला आले. पिवळे, नारिंगी, लाल अशा असंख्य छटा त्यात होत्या. त्या स्वस्त होत्या, दर वेळी एकसारख्या येत आणि उन्हात हळदीपेक्षा कितीतरी जास्त टिकत.

हे रंग कापडासाठी, शाईसाठी, मेणासाठी आणि पॉलिशसाठी बनले होते. तिथून ते कुंकवात आले. कारण उघड आहे. हळकुंडाचे कुंकू करायला दिवस लागतात, लिंबे लागतात, सावलीची जागा लागते आणि शेवटी रंग येतो तो विटकरी लाल. याउलट स्टार्च, शंखजिरे किंवा खडूची भुकटी घेऊन त्यात चमचाभर रंग मिसळला की दुपारपर्यंत पोते भरते आणि लाल असा येतो की हळदीचे कुंकू त्याच्यापुढे मळकट दिसावे. गिऱ्हाईक झगझगीत लाल मागू लागले आणि हळदीचे कुंकू स्वतःच्याच नावाच्या बाजारात मागे पडले.

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. पंढरपूरचे कुंकू आणि बुक्का वारकऱ्यांच्या पडशीतून गावोगाव जातो. या उद्योगावर अनेक घरे चालतात आणि त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. ज्या बाजारात पुडीवर काय लिहायचे याची सक्ती नाही आणि भाव हाच एकमेव निकष आहे, तिथे प्रामाणिकपणे हळद वापरणारा कारखानदारच तोट्यात जातो. त्याची आठ दिवसांची मेहनत आणि शेजाऱ्याचा दुपारचा माल गिऱ्हाइकाला एकाच किमतीच्या फळीवर दिसतो.

कपाळाची तक्रार

या बदलाची नोंद सर्वांत आधी त्वचेने केली. कपाळाच्या मधोमध खाज, लाली, मग काळा डाग. कुंकू लावणे थांबवले तरी डाग महिनोन् महिने राहतो. बायका त्याला ‘कुंकू सोसत नाही’ असे म्हणत. जणू दोष त्यांच्या कातडीचा होता.

या डागाचा उलगडा होण्यात जपानचा मोठा वाटा आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत जपानमध्ये अनेक स्त्रियांच्या चेहऱ्यावर प्रसाधनांमुळे तपकिरी-काळे पट्टे उमटत होते. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी चिकाटीने एकेक घटक वेगळा तपासला, तेव्हा एका लाल रंगात अशुद्धी म्हणून राहिलेला सुदान-१ हा ॲझो रंग दोषी घटकांपैकी एक निघाला. १९७७ पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांनी असे घटक वगळायला सुरुवात केली आणि रुग्णांची संख्या झपाट्याने उतरली. घटक ओळखला, काढला, रोग गेला. इतका सरळ क्रम वैद्यकात नेहमी मिळत नाही.

१९८६ मध्ये सिंगापूरमध्ये कुंकू लावणाऱ्या स्त्रियांच्या कपाळावरच्या डागांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या दोन लेखकांपैकी एक जपानी होता आणि संशयितांत तोच सुदान-१ आणि त्याचे लाल भाऊबंद होते. पुढे २००७ मध्ये पुदुच्चेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेने कुंकवामुळे त्वचादाह झालेल्या ४६ रुग्णांची पॅच टेस्ट करून निष्कर्ष मांडले. या टेस्टमध्ये संशयित पदार्थ थोड्या थोड्या प्रमाणात पाठीवर चिकटवून ठेवतात आणि दोन-चार दिवसांनी कुठे लाली आली ते पाहतात. कुंकवाच्या बाबतीत डॉक्टरांची अडचण पुडीपाशीच सुरू होते. आत काय आहे हे लिहिलेले नसल्याने त्यांना रंग, तेल, डिंक, सुगंधी द्रव्ये, परिरक्षक असे सगळेच संशयित धरून शोध घ्यावा लागतो.

तोवर बाजारात टिकली आली होती. मखमली कापडाचा गोल तुकडा, मागे गोंद. भुकटी सांडत नाही, घामाने ओघळत नाही, ऑफिसला जाताना दोन सेकंदांत लागते. कामावर जाणाऱ्या बाईसाठी ही मोठीच सोय होती आणि कुंकू सोसत नाही म्हणणाऱ्या अनेकजणी तिच्याकडे वळल्या. रंगाचा त्रास टळला, पण पुढ्यात गोंद आला.

काही जणींच्या कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडू लागला. कोड आले या भीतीने घरे हादरली. मुलीचे लग्न अडेल, लोक काय म्हणतील, या चिंतेत डॉक्टरांकडे जायलाही उशीर झाला. १९९० मध्ये अलाहाबादच्या डॉक्टरांनी टिकलीच्या गोंदाचे पृथक्करण करून त्यात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे रसायन मोकळ्या स्वरूपात असल्याचे दाखवून दिले. चपला आणि घड्याळाचे पट्टे चिकटवायच्या गोंदांतही ते असते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी टायरोसिन नावाच्या द्रव्यापासून रंगद्रव्य बनवतात. हे रसायन घडणीने टायरोसिनसारखे असल्याने पेशी फसते, त्याच्यावर काम करू लागते आणि तयार होणाऱ्या विषारी पदार्थांनी स्वतःच मरते. टिकलीखालची जागा पांढरी पडते ती अशी. टिकली वेळीच थांबवली तर काही जणींचा रंग परत येतो, काहींचा येत नाही.

या कुळकथेत आणखी एक अन्याय आहे आणि तो रसायनाचा नाही. ज्या कुंकवाने कपाळ जळत होते ते पुसायची मुभा अनेकींना नव्हती, कारण कुंकू पुसणे म्हणजे अशुभ. आणि नवरा गेला की तेच कुंकू जबरदस्तीने पुसले जाई. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत विधवा प्रथांवर बंदीचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले. कुंकू लावायचे की नाही हे बाईने ठरवायचे, हा हक्क तिथे उच्चारला गेला. आपण जे लावतो ते कशाचे आहे हे कळण्याचा हक्क त्याच हक्काचा दुसरा अर्धा भाग आहे.

कायदा आणि छोटी पुडी

आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. १९४० चा औषध कायदा १९६२ च्या दुरुस्तीने प्रसाधनांनाही लागू झाला. रंग देण्यासाठी शिसे किंवा आर्सेनिकची संयुगे वापरायला बंदी आहे. प्रसाधनांत वापरायच्या सेंद्रिय रंगांत शिसे दशलक्ष भागांत २० आणि आर्सेनिक २ भागांहून जास्त असता कामा नये. भारतीय मानक ब्यूरोने कुंकवाच्या भुकटीसाठी आणि ओल्या कुंकवासाठी स्वतंत्र मानके केलेली आहेत. डिसेंबर २०२० मध्ये प्रसाधनांसाठी वेगळे नियमही आले.

घटकांची यादी छापण्याचा नियमही आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, त्यांच्यामागे बाकीचे. मात्र या नियमाला एक सूट आहे. ३० ग्रॅमपेक्षा लहान घन पदार्थाच्या आणि ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव पदार्थाच्या पाकिटावर ही यादी नसली तरी चालते. कुंकवाची डबी केवढी असते ते आठवा. ओल्या कुंकवाच्या बाटलीत काही मिलिलिटरच माल असतो. घरात वर्षानुवर्षे वापरली जाणारी ही वस्तू तिच्या लहानपणामुळेच नियमातून निसटते.

दुसरी पळवाट देवाच्या नावाची आहे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे प्रसाधन म्हणजे माणसाच्या शरीरावर लावायची वस्तू. पुडीवर ‘फक्त पूजेसाठी’ असे छापले की ती या व्याख्येबाहेर उभी राहते. पण आपल्या घरात देवाचे आणि माणसाचे कुंकू वेगळे असते का? देवीच्या पायावर वाहिलेल्या कुंकवातलेच चिमूटभर प्रसाद म्हणून कपाळाला लागते. कुंकुमार्चन झाल्यावर ते कुंकू पुड्यांत बांधून वाटले जाते आणि बायका ते श्रद्धेने करंड्यात ठेवतात. कागदावरची ही विभागणी कपाळावर टिकत नाही.

जागा नाही म्हणून यादी नाही, हा बचाव पटण्यासारखा नाही. युरोपीय संघाच्या २००९ च्या प्रसाधन नियमांत यावर उत्तर आहे. पाकीट लहान असेल तर यादी सोबतच्या चिठ्ठीवर, पट्टीवर किंवा टॅगवर द्यावी. कुंकवाच्या डबीबरोबर बोटभर कागद घालायला कारखान्याचे दिवाळे निघणार नाही.

‘नैसर्गिक’ म्हणजे काय

अलीकडे पुड्यांवर ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’, ‘शुद्ध’ हे शब्द ठळकपणे येऊ लागले आहेत. हळदीच्या कुंकवाकडे लोक परत वळत आहेत, बचत गटांतल्या स्त्रिया ते बनवत आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पण या शब्दांवर डोळे मिटून विसंबू नये, हे कुंकवाचीच कुळकथा सांगते. हिंगूळ पूर्ण नैसर्गिक आहे आणि तो पाऱ्याचा आहे. किरमिजी रंग नैसर्गिक आहे आणि तो कीटकांपासून काढतात, हे शाकाहारी घरांना माहीत असायला हवे. उलट प्रसाधनांतले लाल आयर्न ऑक्साइड कारखान्यात बनते. ते आपल्या गेरूचेच मुख्य द्रव्य, पण मातीतल्या गेरूबरोबर येऊ शकणारे शिसे आणि आर्सेनिक त्यात नियंत्रणात ठेवता येते.

खुद्द पारंपरिक कृतीतही सवागी आहे. युरोपीय संघाने प्रजननावरच्या परिणामांच्या काळजीने बोरेट क्षारांना प्रसाधनांत बंदी केली आहे. चिमूटभर कुंकवातून धडधाकट कातडीला किती लागते आणि लहान मुलाच्या जखमेवर ते लावले तर किती शोषले जाते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि हळदीचे कुंकू विकणाऱ्यानेही ते टाळू नयेत. हळदीचीही परीक्षा हवी. पिवळेपणा वाढवायला हळकुंडांना लेड क्रोमेट चोळण्याचा प्रकार दक्षिण आशियात उघड झालेला आहे. बांगलादेशाने २०१९ नंतर जागृती आणि कडक तपासणी केली, आणि शिसे सापडलेल्या हळदीच्या नमुन्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले. म्हणजे मनावर घेतले तर दोन वर्षांत हे होते.

यादी असेल तर ती वाचायलाही शिकले पाहिजे आणि ते अवघड नाही. ‘कर्क्युमा लाँगा’ म्हणजे हळद. ‘टाल्क’ म्हणजे शंखजिरे. रंगांपुढे ‘सीआय’ आणि पाच आकडे असतात. ७५३०० म्हणजे कर्क्युमिन, ७७४९१ म्हणजे लाल आयर्न ऑक्साइड, ७५४७० म्हणजे किरमिजी, १२०५५ म्हणजे सुदान-१, ७७५७८ म्हणजे शिशाचा शेंदूर. आयुष्यभर पुरतील असे हे पाच आकडे आहेत. घरी चिमूटभर कुंकवावर खाण्याच्या सोड्याचे पाणी टाकले तर हळदीच्या कुंकवाचा रंग काळपटतो, त्यावरून हळद आहे याचा अंदाज येतो. शिसे आहे की नाही हे मात्र त्याने कळत नाही, ते प्रयोगशाळेनेच सांगायचे. कपाळाला पहिली खाज सुटली की कुंकू किंवा टिकली त्याच दिवशी थांबवावी. डॉक्टरकडे जाताना तीच डबी, तेच पाकीट बरोबर न्यावे. देवधर्माच्या नावाखाली त्वचेची तक्रार दाबू नये आणि सुनेला, मुलीला दाबायला सांगू नये.

हळकुंड लिंबात भिजवून, सावलीत वाळवून लाल करणारे हात अजून आहेत. त्यांच्या मालाला न्याय्य भाव मिळायचा असेल तर शेजारच्या रंगवलेल्या भुकटीपासून तो वेगळा ओळखू आला पाहिजे. त्यासाठी पुडीवर तीन ओळी पुरेत. आत काय आहे, रंग कोणता आणि धातूंची तपासणी केव्हा झाली. लहान पाकिटांची सूट रोज अंगावर राहणाऱ्या वस्तूंपुरती तरी केंद्राने काढून टाकावी, ‘फक्त पूजेसाठी’ छापणाऱ्यांनाही हाच नियम लावावा आणि अन्न व औषध प्रशासनाने जत्रांच्या आधी कुंकवाचे नमुने घ्यावेत. कायदा बदलायची वाट न पाहता केम आणि पंढरपूरच्या कारखानदारांनी या तीन ओळी स्वतःहून छापायला सुरुवात करावी, त्यात त्यांचाच फायदा आहे. आणि आपण दुकानात पुडी हातात घेतल्यावर, मागे कितीही रांग असली तरी, ‘यात काय काय आहे?’ असे स्पष्ट विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.